चुलवाणाजवळची जागा

लोक कोल्हापूरहून चपला आणतात, गूळ आणतात, कांदा-लसूण चटणी आणतात. मी रक्त आणायला गेले होते. परतल्यावर ओळखीच्या प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून काढते.

मी जळगावची. कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ चालवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मधुरा जळगावात होती तोवर तिचं डोकंसुद्धा दुखत नसे. नाशिकला कॉलेजात गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात दुखणं मागे लागलं. सकाळच्या वाऱ्यात सायकलवरून क्लासला जायची. थोड्या वेळाने अंगावर लाल चट्टे उठायचे. संध्याकाळपर्यंत ताप, लाल डोळे, आणि गुडघे-घोटे असे धरायचे की वसतिगृहाचा जिना बसत बसत उतरावा लागायचा. दुसऱ्या दिवशी काही नाही. डॉक्टरसमोर उभी केली की अंग स्वच्छ.

मलेरियाची औषधं झाली, टायफॉइडची झाली. चामडीच्या डॉक्टरांनी हातावर बर्फाचा खडा ठेवून पाहिला. थंडीची ॲलर्जी असती तर तिथे गांधी उठली असती. उठली नाही, म्हणून थंडीचा काही संबंध नाही असं ठरलं आणि स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी चेहरा भोपळ्यासारखा झाला. वसतिगृहात तिला 'नाटक कंपनी' म्हणू लागले.

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी चट्ट्यांचा विषय सोडून मला विचारलं, "हिचे वडील थंडीत कसे असायचे?"

मला हसू आलं. जळगावात आम्ही उन्हाने करपतो आणि हा माणूस दिवाळीपासून स्वेटर घालायचा. रात्री पंखा लावला की भांडण. पित्त उठतं म्हणून घरात आमसुलं कायमची. मी हे सांगत गेले आणि डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

ते म्हणाले, एक दुर्मीळ आजार आहे, जन्मापासूनचा, आईकडून किंवा बापाकडून येणारा. शरीरात सूज आणणारी यंत्रणा असते, ती गार वाऱ्याने उगीचच पेटते. एका जागी बर्फ ठेवून ती पेटत नाही, सगळं अंग गारठावं लागतं. म्हणून बर्फाची तपासणी फसते. जनुकाची तपासणी परदेशात होते, त्यांच्या ओळखीची प्रयोगशाळा संशोधनासाठी नमुने घेते, पण एकट्या मुलीच्या रक्तावरून खात्री होणार नाही. बापाच्या घराण्यातली माणसं हवीत. ज्यांना हे नक्की आहे अशी आणि ज्यांना नक्की नाही अशीही. बायका आणि पुरुष दोन्ही. जमलं तर एखाद्याचं रक्त अंग उठलेलं असतानाच घ्यायचं. आणि घराण्यात काही सापडलं नाही, तर हा विचार सोडायचा आणि गोळ्या चालू ठेवायच्या.

म्हणून डिसेंबर २००४ मध्ये मी मधुराला घेऊन कोल्हापूरच्या गाडीत बसले. पिशवीत जांभळ्या टोपणांच्या रिकाम्या नळ्या, थंड राहायचा एक डबा, आणि कुणाचंही रक्त त्याच्या मनाविरुद्ध घ्यायचं नाही ही डॉक्टरांची ताकीद.

शिवाजी पेठ

माझे सासरे कोल्हापूरजवळच्या कोडोलीचे. जमिनीवरून भावाशी बिनसलं, रागाने निघाले, ते भुसावळला रेल्वेत लागले आणि पुन्हा गावाकडे फिरकले नाहीत. त्या घरातल्या एकाच माणसाने आमच्याशी संबंध ठेवला होता. ती म्हणजे माझी चुलत नणंद हौसाताई. दर दिवाळीला तिचा फोन यायचा आणि ती फोनची गरजच नाही इतक्या मोठ्याने बोलायची.

हौसाताई शिवाजी पेठेत राहते. रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं, कारण आत तालमीसमोर पोरांचा फुटबॉल चालू होता. आम्ही बॅगा घेऊन उभ्या राहिलो तेव्हा गोलकीपरनेच खेळ थांबवला आणि ओरडला, "पावण्यांस्नी जाऊ द्या रं." मग एकाने बॅग उचलली, दुसऱ्याने आम्ही कुणाकडे, कुठून, कशासाठी आणि किती दिवस हे सगळं दारापर्यंत पोचायच्या आत काढून घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला असं विचारणं उद्धटपणा धरतात. इथे न विचारणं उद्धटपणा असावा.

हौसाताई साठीची, उंच, नऊवारीवर नवऱ्याचा जुना करडा स्वेटर. मधुराकडे बघून म्हणाली, "दादाचं नाक हाय. बाकी काय वो हे, पोरीला जेवाय घालता का न्हाय? का खानावळ निसती गिऱ्हाइकाला?"

जेवायला तांबडा आणि पांढरा रस्सा होता. रश्शाचं मला व्यवसायामुळे कळतं, तेव्हा सांगते: तांबडा दिसतो तेवढा जाळत नाही, आमच्या खानदेशी काळ्या मसाल्याच्या भाजीचा ठसका त्याहून खोल जातो. पांढरा मात्र मी वाटीवर वाटी प्यायले. तो कसा करायचा ते तिने सांगितलं आणि लगेच, तुम्हाला जमणार नाही, असंही सांगितलं.

इथल्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात. मी आलो, मी गेलो, मी भाकरी टाकतो. पहिल्या दिवशी मधुरा दोनदा मागे वळून पाहत होती, बोलतंय कोण म्हणून. दुसऱ्या दिवशी तीही "मी येतो" म्हणू लागली.

मी कशासाठी आले ते सांगितलं. सांगायचं कसं, याची गाडीत बरीच तयारी केली होती. आनुवंशिक आजार म्हटलं की लोक दारं लावून घेतात, घरात लग्नाच्या मुली असतात. हौसाताईने सगळं ऐकलं आणि सहज म्हणाली, "म्हंजे गुलाल. मग आबाकडं चला की. त्येला हाय."

कोडोली

आबा म्हणजे हौसाताईचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. त्यांचं गुऱ्हाळ शेतातच आहे आणि ऊस तोडून आणल्यापासून गूळ होईपर्यंत सगळं एका छपराखाली चालतं. चुलवाण म्हणजे जमिनीत खोल खणलेली भट्टी. तिच्यात उसाची वाळलेली चिपाडं सारत राहायचं. वर मोठी काहील, तिच्यात रस उकळतो, भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते आणि ती काढत बसणाऱ्या गुळव्याशी कुणी बोलायचं नसतं. मी बोलले. त्याने माझ्याकडे न बघता हातावर गरम काकवी वाढली, तेव्हा मी गप्प झाले. असली काकवी शहरात मिळत नाही, एवढंच लिहिते.

आबा चुलवाणाच्या तोंडाशी पाट टाकून चिपाडं सारत होते. हीच त्यांची हिवाळ्यातली जागा. मी विषय काढला तर हा माणूस लाजायचं सोडून ताठ बसला.

त्यांच्या घरात गार वाऱ्याने अंगावर उठणाऱ्या लालीला गुलाल म्हणतात. पंजोबांपासून आलेला. जोतिबाने आपल्या माणसावर खूण केली, असं मानतात. ज्याला गुलाल येतो त्याला थंडीत रात्री उसाला पाणी पाजायला पाठवत नाहीत. गार पाण्यात उभं राहायचं नाही, चुलवाणाजवळ बसायचं. शिवाय चैत्रात डोंगरावर यात्रा असते तेव्हा घराण्याची सासनकाठी, म्हणजे देवाची उंच सजवलेली काठी, आधी त्याच्या हातात देतात. औषधपाण्याशिवाय या लोकांनी आजाराची व्यवस्था लावून ठेवली होती. मी मनातल्या मनात खूश झाले. दारं लावून घेणं तर सोडाच, भावकीत बातमी फुटली तसे पुरुष बाह्या वर करून येऊ लागले. मला बी हाय, माझ्या बाला बी व्हता. एकाला तर नळी कमी पडेल म्हणून माझ्याकडे वशिला लावायचा होता.

मी विचारलं, "आणि बायकांत कुणाला?"

आबांनी चिपाडं सारता सारता मान हलवली. "बायकास्नी गुलाल येत न्हाय."

"एकीलाही नाही?"

"देवाची काठी बाई धरती व्हय? मग गुलाल कसा यील?" त्यांच्या दृष्टीने तिथे विषय संपला. बाकीच्या पुरुषांनीही माना डोलावल्या.

मधुरा काहिलीच्या पलीकडे उभी होती. तिने ऐकलं आणि हातातला ऊस खाली ठेवला. बापाकडून लेकीला येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. घराण्यात फक्त पुरुषांनाच येत असेल तर तिला झालंय ते काहीतरी वेगळं, आणि मग त्याच गोळ्या, तोच चेहरा, तीच नाटक कंपनी. ती रात्री नीट जेवली नाही. 

सकाळी उठून मी कामाला लागले. बाह्या वर केलेल्यांपैकी खरे किती, हे आधी ठरवायला हवं होतं. आबांचा धाकटा भाऊ तानाजी गुलालवाल्यांत आघाडीवर होता. कित्येक हिवाळे तो रात्रीच्या पाण्याला गेला नव्हता. भारनियमनामुळे वीज रात्रीच येते, म्हणजे बाकीच्यांनी गुडघाभर गार चिखलात उभं राहायचं आणि याने चुलवाणाजवळ गप्पा मारायच्या. उजाडताना मी विहिरीकडे गेले तर तानाजीराव मोटरच्या पाइपाखाली उघड्या अंगाने बसून साबण लावत होते आणि गाणं म्हणत होते. वारा असा होता की मला दोन शाली पुरत नव्हत्या. मी मुद्दाम दुपारपर्यंत त्यांच्या आसपास राहिले. अंगावर एक ठिपका नाही.

मी बघितलं आहे हे त्यांना कळलं होतं. जेवणानंतर आडोशाला गाठून म्हणाले, "वैनी, माझं रगात नगासा घेऊ. आबाला कळलं तर मला गाळात घालंल."

मी म्हटलं, मला निरोगी माणसंही हवीच आहेत. तुमच्याइतका खात्रीचा निरोगी माणूस मला या शिवारात मिळणार नाही. ते हसले, आणि हसले म्हणून मी चुलवाणाजवळच्या त्यांच्या जागेबद्दल आबांना काही सांगणार नाही असं कबूल केलं. त्यांनी हात पुढे केला; कोडोलीतल्या लॅबवाल्या गृहस्थांनी त्यांचं आणि आबांचं रक्त घेतलं, बाकीच्यांची खात्री नव्हती म्हणून त्यांना थांबवलं.

जोतिबा

इथवर येऊन डोंगरावर न जाता परत गेलो असतो तर घरातल्या बायकांनी आम्हाला पुन्हा उभं केलं नसतं. मधुरासाठी मला भीती वाटत होती, पण तीच म्हणाली, "जाऊ या. नाहीतरी माझा गुलाल खोटाच आहे." आबा आले नाहीत. गुलालाचा माणूस थंडीत डोंगर चढत नाही. हौसाताईही कुरकुरत होती, माझं पित्त खवळतं म्हणून, पण पाहुण्यांना न्यायला बाई पाहिजे, म्हणून तिला जावंच लागलं. थोरल्या जाऊबाई, म्हणजे आबांची बायको, त्याही आल्या.

वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमध्ये जेवढी माणसं बसवली होती तेवढी माझ्या खानावळीत एका पंगतीला बसत नाहीत. मागचा पडदा फाटला होता आणि वळणावळणाला वारा आत घुसत होता. ड्रायव्हरशेजारची उबेची जागा एका कोंबड्याच्या टोपलीला दिलेली. मी तक्रार केली तर ड्रायव्हर म्हणाला, "त्येनं अदुगर नंबर लावलाय, पावणं."

डोंगरावर सगळं गुलाबी. पायऱ्या गुलाबी, भिंती गुलाबी, कुत्री गुलाबी. आमच्याकडे देवाला हळदीकुंकवाच्या चिमटीने जमतं, इथे मुठीने उधळतात. दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा आमचे चेहरे, हात, पदर सगळं माखलेलं. खाली पठार आणि उसाचे हिरवे तुकडे, आणि ठिकठिकाणी गुऱ्हाळांचा धूर सरळ वर जाता जाता वाऱ्याने मोडलेला. मधुरा बराच वेळ ते बघत उभी राहिली. हौसाताई स्वेटरच्या बाह्या ओढून घेत दुकानाच्या आडोशाला उभी होती. लवकर चला म्हणत होती, पण परतीची जीप भरेपर्यंत उभं राहावं लागलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जाऊबाईंनी ऊन पाणी काढलं. मोरीवर एकीमागून एक आम्ही तोंड, हात धुतले. माझा गुलाल गेला. जाऊबाईंचा गेला. मधुरा घासत राहिली, तिचा जाईना. दंडांवर, मानेवर, पोटऱ्यांवर, जिथे मूठभर गुलाल कधी पोचला नव्हता तिथेही लाल. डोळे लाल झालेले.

शेजारी हौसाताई स्वेटर काढून हात धूत होती. तिचाही जाईना.

मी कंदील जवळ धरला. दोघींच्या दंडांवर तेच चट्टे, तसेच कडेने उठलेले, जणू एकाच हाताने काढलेले.

"पित्त हाय माझं," हौसाताई म्हणाली. "दर थंडीला उठतंय." तिने आत हाक मारली, "ए, जरा आमसुलं भिजव गं."

नवऱ्याची आमसुलं माझ्या डोळ्यांसमोर आली; सासऱ्यांनी गाव सोडलं तेव्हा गुलाल हा शब्दही मागेच टाकला होता. मी तिला विचारलं, संध्याकाळी गुडघे दुखतात का? दुखतात. घोटे? व्हय. डोळे चुरचुरतात, तहान लागते, ताप येतो आणि सकाळी काही नाही? तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तुमाला कुणी सांगितलं?"

मग स्वयंपाकघराने तोंड उघडलं. जाऊबाई म्हणाल्या, आबांच्या मधल्या मुलीला, इचलकरंजीच्या, असंच पित्त आहे. आबांच्या एका आत्यालाही होतं, ती आता नाही. लाली तीच, ताप तोच, घर तेच. पुरुषाला उठलं की गुलाल आणि चुलवाणाजवळ पाट. बाईला उठलं की पित्त आणि आमसुलाचं पाणी, आणि पहाटे गुऱ्हाळाची भांडी घासायला तीच. कुणी लपवलं नव्हतं. कुणाला दोन्ही एकच आहे असं वाटलंच नव्हतं, बायकांनासुद्धा.

त्याच लॅबवाल्या गृहस्थांना सांगून ठेवलंच होतं. ते स्कूटरवरून आले आणि अंग उठलेलं असतानाच दोघींचं रक्त घेतलं. मधुराने आत्याचा हात धरला होता. कोण कुणाला धीर देतंय ते कळत नव्हतं. एकाच वाकळेखाली बसून दोघी कुठे कुठे दुखतं ते जुळवत होत्या. माझी लेक दोन वर्षांत पहिल्यांदा आजारी असताना हसत होती.

आबांना मी बोलावून घेतलं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. मी हौसाताईचा हात कंदिलाखाली धरला. त्यांनी वाकून पाहिलं, मग आपली बाही वर करून उगीचच आपला दंड पाहिला. तो स्वच्छ होता. दिवसभर भट्टीपाशी होते.

"ह्यो गुलालच की," ते हळू म्हणाले.

हौसाताईचा आवाज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तेव्हा ती अगदी साधं बोलली. "लहानपणापास्नं ह्याच हातानं तुझ्यासमोर भांडी घासतोय मी, आबा. आज दिसला व्हय?"

आबा उंबऱ्यावरच बसले. जाऊबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो त्यांनी हौसाताईकडे सरकवला. इचलकरंजीला सकाळी माणूस पाठवतो म्हणाले.

परत

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली आणि तिचंही रक्त मिळालं. नळ्यांचा डबा पुण्यापर्यंत मीच मांडीवर घेतला. तो इतका गार होता की मधुराला हात लावू दिला नाही. सोबत हौसाताईने दिलेली पांढऱ्या रश्शाची कृती होती. तिच्यातली एक वस्तू तिने मुद्दाम गाळली आहे, हे मला घरी करून पाहिल्यावर कळलं.

अंग उठलेलं असताना घेतलेल्या रक्तात सुजेच्या खुणा भरपूर दिसल्या. पुण्याच्या डॉक्टरांना तेवढ्यावरच बरंच कळलं आणि त्यांनी स्टिरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं. परदेशातला निकाल यायला पावसाळा उजाडला. आबा, हौसाताई, इचलकरंजीची मुलगी आणि मधुरा, चौघांत जनुकातला तोच एक बदल. तानाजीरावांत नाही. यावर कायमचा इलाज आज आपल्याकडे नाही. बाहेर एक नवं इंजेक्शन आजमावताहेत म्हणे. तोवर वारा टाळायचा, दुखलं तर साधी गोळी घ्यायची, आणि मूत्रपिंडावर परिणाम होत नाही ना, म्हणून वरचेवर लघवी तपासायची. मधुराने हे वसतिगृहाच्या बाईंना इंग्रजी नावासकट सांगितलं. खिडकीपासून लांबची खोली मिळाली.

निकाल कळवायला मी कोडोलीला फोन केला. आबा म्हणाले, तानाजीचं आम्हाला ठाऊक आहे, तो संक्रांतीपासूनच पाणी पाजतोय. मी काही बोलले नव्हते, हे मी लगेच सांगितलं. ते म्हणाले, "तुमी न्हाय वो. त्यो विहिरीवर गातो लई मोठ्यानं."

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो, या खेपेला नुसत्याच. संध्याकाळी गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा तानाजीराव बॅटरी आणि खोरं घेऊन शेताकडे निघाले होते. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. भांडी मोरीवर पडली होती आणि घरातला एक पुरुष ती बऱ्यापैकी वाईट घासत होता. चुलवाणाच्या तोंडाशी एका पाटावर आबा आणि दुसऱ्यावर हौसाताई. ती चिपाडं सारत होती आणि जाळ कसा लावावा यावरून गुळव्याशी भांडत होती. तो तिच्याशी बोलत होता, म्हणजे बढती मोठीच.

मधुरा शाल घट्ट धरून छपराच्या कडेला उभी होती. हौसाताईने वर न बघता पायाने तिसरा पाट पुढे ओढला.

"वाऱ्यात काय हुबी हाईस? हितं बस. आन् चिपाडं सार, निसतं शेकायला न्हाय."